नाणे नसलेले नाणे : स्वमग्न तरुणांना कूटचलनाचे कृतीतून शिक्षण

अमरावती तालुक्यातील, पेढी नदीच्या काठचे वलगाव हे नाव महाराष्ट्राला विशेष परिचित झाले ते संत गाडगेबाबांच्या महानिर्वाणामुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी याच गावाजवळ बाबांनी देह ठेवला. ज्या समाजाला अक्षरओळख नव्हती त्या समाजाला बाबांनी स्वच्छता, शिक्षण आणि ऋणमुक्ती यांचे धडे दिले. त्यांची रीत अगदी साधी होती. गावात पाऊल ठेवताच हाती खराटा घेऊन ते प्रथम गाव झाडीत; रात्री कीर्तनात वऱ्हाडी बोलीतून प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. पुस्तकावाचून शिकविता येते, किंबहुना काही माणसांना पुस्तकावाचूनच शिकवावे लागते, हे या भूमीला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आज हाच प्रश्न एका नव्या विषयाच्या संदर्भात उभा आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून बिटकॉइन आणि तत्सम कूटचलनांच्या जाहिराती खेडोपाडी पोहोचल्या आहेत. त्या वाचणाऱ्यांत स्वमग्नता असलेले तरुणही आहेत. संगणक आणि आकडेमोड यांची त्यांतील काहींना उत्कट आवड असते. तथापि तांत्रिक मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणे त्यांतील अनेकांना जड जाते. ज्याला विषयाची ओढ आहे परंतु त्याचे वाचन झेपत नाही, असा तरुण फसवणूक करणाऱ्याच्या हाती सहज सापडू शकतो. 'हे तुझे काम नाही' असे सांगून त्याला बाजूला सारणे हा त्यावरील उपाय नव्हे. हा विषय त्याला हाताने करून पाहता येईल अशा रीतीने शिकविणे शक्य आहे काय, आणि असल्यास कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वमग्नता आणि वाचनाची अडचण

१९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढील संशोधनातून हे स्पष्ट झाले की, हा एक रोग नसून मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणा आहे आणि त्याच्या छटा अनेक आहेत. काही व्यक्तींना बोलणेही कठीण असते; काही उच्च शिक्षण घेऊन नोकरी करतात. म्हणून पुढील विवेचन प्रत्येक व्यक्तीस सारखेच लागू पडेल असे नाही.

वाचनाच्या बाबतीत मात्र एक अनुभव वारंवार येतो. काही मुले लहान वयातच ओघाने मोठ्याने वाचतात. परंतु वाचलेल्या परिच्छेदाचा एकत्रित आशय विचारला असता ती अडतात. अक्षरे वाचण्याची शक्ती आणि अर्थ जुळविण्याची शक्ती या दोन्ही सारख्या वेगाने वाढतातच असे नाही. मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ मध्ये असा विचार मांडला की, स्वमग्न व्यक्तीचे लक्ष तपशिलावर तीव्रतेने खिळते, परंतु तपशिलांचे संपूर्ण चित्र बांधणे तिला अवघड जाते. त्यातच शब्दाचा अर्थ शब्दशः घेण्याकडे अशा अनेक व्यक्तींचा कल असतो. लाक्षणिक भाषा, म्हणी, सूचक बोलणे यांचा त्यांना उलगडा होत नाही.

वलगावातीलच एक उदाहरण घेता येईल. येथील मुलाच्या दृष्टीने 'पेढी' म्हणजे गावाची नदी. जुन्या व्यापारी मराठीत पेढी म्हणजे सावकाराचे दुकान. 'पैसे पेढीवर ठेवले' हे वाक्य इतरांना संदर्भाने उमगते. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे मात्र नदीकाठी ठेवलेले पैसे उभे राहतात. त्याचे तर्कशास्त्र चुकलेले नसते. शब्दाने त्याला वेगळ्या वाटेवर नेलेले असते.

सर्वच शब्द उसने

कूटचलनाच्या परिभाषेत ही अडचण शतपट होते, कारण या विषयातील बहुतेक सारे शब्द उसने आहेत. त्यात 'नाणे' म्हणतात, पण नाणे कोठेच नसते. असते ती केवळ नोंद. 'पाकीट' म्हणतात, पण त्या पाकिटात पैसे नसतात; त्यात केवळ एक गुप्त आकडा सांभाळलेला असतो. 'खाणकाम' म्हणतात, पण ना खाण असते ना खनिज. संगणक एका विशिष्ट आकड्याचा शोध घेत असतात. 'किल्ली' हीदेखील किल्ली नसून एक अतिशय मोठी संख्या असते. सामान्य वाचक हे शब्द अंदाजाने पुढे ढकलतो आणि बहुधा काहीही न समजता समजल्याचे समाधान मानतो. स्वमग्न वाचक मात्र पहिल्याच शब्दापाशी थांबतो आणि विचारतो, 'नाणे कोठे आहे?' हा प्रश्न अत्यंत रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास बसलो की शिकविणाऱ्यालाही विषय प्रथमच नीट कळू लागतो.

या चलनाचा मूळ आराखडा ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने प्रसिद्ध झालेल्या एका नऊ पानी निबंधात आहे. या नावामागील व्यक्ती अद्याप निर्विवादपणे उघड झालेली नाही. निबंध छोटा असला तरी गणित आणि संगणकशास्त्र जाणणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. तो वाचून विषय समजावा अशी अपेक्षा कोणत्याही सामान्य नवशिक्याकडून करता येत नाही. परंतु त्यातील मुख्य कल्पना पाच वह्या आणि दोन फासे यांच्या साहाय्याने करून पाहता येते.

हाताने शिकण्याची परंपरा

कृतीतून शिक्षण ही कल्पना विदर्भाला परकी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये शेजारच्या वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती सर्व शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला आणि त्यातून नयी तालीम आकारास आली. तकलीवर सूत कातता कातता गणित शिकता येते, हा त्यामागील विश्वास होता. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, परिसरात सापडणाऱ्या बिया, खडे, शिंपले अशा वस्तू साधने म्हणून वापरून ग्रामीण बालशिक्षणाचा पाया घातला.

स्वमग्न मुलांच्या शिक्षणातही हाच विचार स्वतंत्रपणे पुढे आला. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना विद्यापीठात १९७२ पासून डॉ. एरिक शॉपलर यांच्या मार्गदर्शनाखाली जी पद्धती विकसित झाली, तिचे सार असे की, काय करावयाचे, किती करावयाचे, संपले केव्हा म्हणावयाचे आणि त्यानंतर काय, या चार प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसली पाहिजेत. तोंडी स्पष्टीकरणाचा भार कमी करून कामाची मांडणीच बोलकी करावयाची, हे तिचे सूत्र. पुढे सुचविलेला प्रयोग याच सूत्रावर आधारलेला आहे.

पाच वह्यांचा प्रयोग

हा प्रयोग वलगावातील एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात करता येण्यासारखा आहे. पाच रंगांच्या पाच वह्या घ्याव्यात : लाल, निळी, हिरवी, पिवळी आणि पांढरी. पाच जणांनी एकेक वही घेऊन एका मेजाभोवती बसावे. त्यांत एक-दोन स्वमग्न विद्यार्थी आणि इतर त्यांचे सोबती असावेत. या खेळात कोणाचेही नाव वापरावयाचे नाही. प्रत्येकाची ओळख म्हणजे त्याच्या वहीचा रंग. प्रत्यक्ष व्यवस्थेतही नावाऐवजी अक्षरे आणि अंक यांचा एक लांबलचक पत्ताच दिसतो.

येथे एक दक्षता अवश्य घ्यावी. विद्यार्थ्यांना कवड्या, बिल्ले किंवा खोटी नाणी वाटू नयेत. वस्तू हाती दिली की 'नाणे असते' ही चुकीची समजूत पक्की होते आणि शब्दशः विचार करणाऱ्या मुलाच्या मनातून ती काढणे पुढे कठीण जाते. हाती द्यावयाची ती केवळ वही आणि पेन्सिल.

पहिली पायरी : पाचही जणांनी आपापल्या वहीच्या पहिल्या पानावर त्याच पाच नोंदी लिहाव्यात. लाल २०, निळी २०, हिरवी २०, पिवळी २०, पांढरी २०. पानाची बेरीज १००.

दुसरी पायरी : लाल वहीवाल्याने उभे राहून जाहीर करावे, 'लालकडून निळीला ५.' इतर चौघांनी आपापली वही पाहून लालजवळ ५ शिल्लक आहेत काय, हे तपासावे. असल्यास पाचही वह्यांत ती नोंद व्हावी. नसल्यास कोणीही ती लिहू नये. येथे बँकेचा कारकून नाही, सरपंच नाही, शिक्षकही निर्णय देत नाहीत. सर्वांच्या वह्या जुळणे, हाच निर्णय.

तिसरी पायरी : पाच नोंदी झाल्या की पान संपले. दुसऱ्या पानावर ५, १२, ३, ८ आणि १० अशा नोंदी झाल्या असे समजू. त्यांची बेरीज ३८. तीत मागील पानाची १०० ही बेरीज मिळविली की १३८ येतात. हा आकडा तिसऱ्या पानाच्या माथ्यावर लिहावा. याप्रमाणे प्रत्येक पान मागील पानाशी बांधले जाते.

चौथी पायरी : आता शिक्षकांनी एका वहीतील दुसऱ्या पानावरच्या १२ च्या जागी गुपचूप २ करावे आणि चूक शोधण्यास सांगावे. त्या पानाचा आकडा आता १२८ होतो, तर तिसऱ्या पानाच्या माथ्यावर १३८ असतात. शिवाय उरलेल्या चार वह्या साक्षीला असतातच. तपशिलातील विसंगती चटकन टिपणारे विद्यार्थी येथे अनेकदा सर्वांच्या आधी बोट ठेवतील. जुनी नोंद बदलणे का अवघड आहे, हे यानंतर वाचून दाखविण्याची आवश्यकता उरत नाही.

महसूल खात्यातील वाचकांना येथे फेरफार नोंदवहीची आठवण होईल. तेथेही जुनी नोंद पुसून टाकत नाहीत, नवी नोंद घेतात. फरक एवढाच की, ती वही एका कार्यालयाच्या ताब्यात असते, तर येथे तीच वही जगभर हजारो संगणकांवर एकाच वेळी असते. तसेच प्रत्यक्ष व्यवस्थेत पानाची साधी बेरीज घेत नाहीत. एका गणिती प्रक्रियेने पानाचा ६४ अंकाक्षरांचा 'ठसा' काढला जातो आणि मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी संपूर्ण ठसा बदलतो.

पाचवी पायरी फाशांची : नवे पान वहीत कोणी जोडावे? पाचही जणांनी पाळीपाळीने दोन फासे टाकावेत. ज्याला प्रथम दोन्ही फाशांवर सहा पडतील त्याने पान जोडावे आणि बक्षीस म्हणून आपल्या नावे १ नवीन एकक लिहावे. छत्तीस प्रकारे पडणाऱ्या फाशांत हा योग एकाच प्रकारे येतो, म्हणून वेळ लागतो. ज्याला 'खाणकाम' म्हणतात ते हेच. संगणक फाशांऐवजी आकडे टाकून पाहतात आणि ठशाच्या प्रारंभी ठरावीक शून्ये येईपर्यंत प्रयत्न करीत राहतात. बिटकॉइनच्या वहीत सरासरी दर १० मिनिटांनी एक पान जोडले जाते. प्रयत्न करणारे संगणक वाढले की अट अधिक कठीण केली जाते. वर्गातही दोनऐवजी तीन फासे घेऊन हे दाखविता येईल. प्रारंभी एका पानामागे ५० बिटकॉइन बक्षीस होते. दर २ लाख १० हजार पानांनंतर ते निम्मे होते आणि एप्रिल २०२४ मध्ये ते ३.१२५ वर आले. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांहून अधिक होणार नाहीत, अशी या व्यवस्थेची रचना आहे.

सहावी पायरी बंद लिफाफ्याची : प्रत्येकाला एका लिफाफ्यात एक गुप्त आकडा द्यावा. आपली नोंद जाहीर करण्यापूर्वी तो आकडा स्वतःशी पडताळावा, मात्र कोणास दाखवू नये. ज्याचा लिफाफा हरवेल त्याची एकके वहीत दिसत राहतील, पण त्याला ती कधीही देता येणार नाहीत. ज्याचा लिफाफा दुसऱ्याने पाहिला त्याची एकके तो दुसरा देऊन टाकील, आणि ती नोंद कोणालाही मागे घेता येणार नाही. प्रत्यक्षात हा गुप्त आकडा बहुधा १२ किंवा २४ शब्दांच्या स्वरूपात जपून ठेवावयाचा असतो. बँकेत चुकीचा व्यवहार झाल्यास शाखेत जाऊन तक्रार करता येते. येथे शाखाच नसते. नियम स्पष्ट व अपवादरहित असला की तो पाळणे स्वमग्न व्यक्तीस सोपे जाते. म्हणून नियम असाच द्यावा : 'हे शब्द कोणालाही सांगावयाचे नाहीत. मित्राला नाही, अधिकाऱ्याला नाही, मदत करतो म्हणणाऱ्यालाही नाही.'

पडद्यावरची वही

वह्यांचा खेळ पुरेसा रुळल्यानंतर संगणकाच्या पडद्याकडे वळावे. बिटकॉइनची सर्व वही कोणासही विनामूल्य पाहता येते. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही की पैसेही द्यावे लागत नाहीत. ३ जानेवारी २००९ रोजी तयार झालेले पहिले पान आणि त्यावरील ५० बिटकॉइनची नोंद विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढावी. मागील पानाचा ठसा पुढील पानावर कोठे लिहिला आहे, हे बोटाने दाखवावे. स्वतःच्या वहीत केलेली कृतीच पडद्यावर दिसते आहे, ही ओळख पटली की शब्दांचे भय पुष्कळसे ओसरते.

त्यापुढील पायरी म्हणजे चाचणीचे जाळे. या चलनांच्या निर्मात्यांनी प्रयोगासाठी स्वतंत्र वह्या चालू ठेवल्या आहेत, आणि त्यांतील एककांना मोल नसावे हाच त्यांचा हेतू असतो. शिक्षकांनी सर्व मांडणी आधी करून ठेवावी आणि मग विद्यार्थ्याने एक नोंद पाठवावी, ती पानावर चढेपर्यंत वाट पाहावी, पत्त्यातील अक्षर चुकल्यास काय होते हे पाहावे. चूक करूनही काही न गमावता शिकण्याची सोय येथे आहे. चाचणीची एकके कोणी विकू लागल्यास ती फसवणूक समजावी.

अशाच वहीचा प्रशासकीय उपयोगही विदर्भाने पाहिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांच्या नोंदी एका सार्वजनिक साखळी-वहीवर घेण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. प्रमाणपत्र खरे की बनावट, याची पडताळणी सुलभ व्हावी हा त्यामागील हेतू होता. वही आणि चलन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून विद्यार्थ्यांना उत्तम रीतीने सांगता येईल.

भावाची दैनंदिनी

चलनाचा भाव हा निराळा विषय आहे आणि तो निराळ्या दिवशी घ्यावा. आलेखाच्या कागदावर विद्यार्थ्याने ३० दिवस, दररोज ठरलेल्या एकाच वेळी, एकच भाव नोंदवावा. काहीही विकत घ्यावयाचे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९ हजार डॉलरपर्यंत चढला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो सुमारे १६ हजार डॉलरपर्यंत उतरला. म्हणजे शिखरावर गुंतविलेल्या १०० चे वर्षभरात सुमारे २३ उरले. पुढील काळात भाव पुन्हा वाढले, हेही खरे. परंतु चढ आणि उतार दोन्ही स्वतःच्या पेन्सिलीने काढलेल्या विद्यार्थ्याला 'भाव वाढतच जातो' हे वाक्य खोटे आहे हे कळते. हा बाजार दिवसाचे २४ तास चालतो आणि हलत्या आलेखात मन गुंतून पडण्याचा संभव असतो. यास्तव पाहण्याची वेळ ठरलेली असावी आणि ती घड्याळावर दाखवावी.

फसवणूक ओळखणारी वही

या शिक्षणाचा खरा कस येथे लागतो. 'गेन बिटकॉइन' या योजनेत गुंतवणूकदारांना १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखविण्यात आले होते. पुण्यातील पोलिसांनी २०१८ मध्ये या प्रकरणी अटकेची कारवाई केली आणि पुढे हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या योजनेत सुशिक्षित माणसेही अडकली होती. तांत्रिक वाचन येणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे त्यावरून दिसते.

हेच आश्वासन पाच वह्यांत लिहून पाहू. नवी वही घ्यावी. प्रत्येकाजवळ २० एकके. लाल वहीवाला इतर चौघांकडून प्रत्येकी १० घेतो आणि दरमहा प्रत्येकी १ याप्रमाणे १८ महिने देण्याचे वचन देतो. चौघांना मिळून त्याला ७२ द्यावयाची आहेत; हाती आली आहेत ४०. दरमहा ४ याप्रमाणे ही ४० एकके १० महिन्यांत संपतात. तोवर प्रत्येकाला त्याचेच पैसे परत मिळालेले असतात. लालने स्वतःची २० एकके घातली तरी पंधराव्या महिन्याअखेर त्याच्या नावे शून्य उरते. सोळाव्या महिन्याची नोंद लिहिण्यासाठी पाचवा, सहावा, सातवा नवा माणूस आणावा लागतो. वहीत नसलेले एकक वहीतून देता येत नाही, हा धडा ज्याने स्वतःच्या हाताने गिरविला, त्याला कितीही गोड शब्दांचे पत्रक वाचून दाखविले तरी तो विचारील, 'हे कोणाच्या नोंदीतून वजा होणार?' शब्दशः विचार करण्याची जी सवय वाचनात आड येते, तीच येथे त्याचे कवच होऊ शकते.

अशा प्रकारे फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. विलंब होईल तसतसा पैशांचा माग काढणे अवघड होत जाते.

कायदा काय सांगतो

रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना कूटचलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरविले. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेवरील नफ्यावर ३० टक्के कर लागू करण्यात आला, आणि एका व्यवहारातील तोटा अन्य नफ्यातून वजा करण्याची सवलत ठेवण्यात आली नाही. १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का करकपात सुरू झाली. मार्च २०२३ मध्ये या क्षेत्रातील व्यावसायिकांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले. कर आकारला म्हणजे शासनाने हमी दिली, असा मात्र अर्थ होत नाही. कूटचलन हे भारतात वैध चलन नाही. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत सामान्य ग्राहकांसाठी प्रायोगिक स्वरूपात सुरू केलेला डिजिटल रुपया ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे; त्यामागे रिझर्व्ह बँक उभी असते. हा फरक दोन स्तंभांच्या तक्त्यात लिहून भिंतीवर लावावा.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. या अधिनियमाने दिव्यांग व्यक्तीस मालमत्ता धारण करण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा समान हक्क दिला आहे. केवळ स्वमग्नता आहे म्हणून कोणाचा निर्णयाचा अधिकार आपोआप संपुष्टात येत नाही. जेथे साहाय्याची गरज असेल तेथे व्यक्तीच्या विचाराने चालणाऱ्या मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये १८ वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करता येतो. या समितीत जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा समावेश असतो. ज्या कुटुंबांना ही माहिती नाही त्यांना ती देणे, हे पंचायत सदस्यांना सहज करता येण्यासारखे काम आहे.

शिक्षकांसाठी काही सूचना

एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती फळ्यावर लिहावी. 'थोडा वेळ', 'लवकर', 'बघू' असे शब्द टाळून '१० मिनिटे', '५ नोंदी' असे मोजता येणारे शब्द वापरावेत. तासाची वेळ, बसण्याची जागा आणि कृतीचा क्रम शक्यतो बदलू नये; बदलावा लागल्यास आदल्या दिवशी सांगावे. पंख्याचा आवाज, गर्दी, प्रखर प्रकाश यांचा काही मुलांना त्रास होतो, तो आधी दूर करावा. तोच प्रश्न पुन्हा विचारला गेल्यास त्याच शब्दांत उत्तर द्यावे. शब्द बदलले की नवीन काही सांगितले, असा समज होतो. उसना शब्द आला की प्रथम वस्तुस्थिती सांगावी आणि मग नाव सांगावे : 'ही एक नोंद आहे. लोक तिला नाणे म्हणतात.' थकवा दिसताच थांबावे. ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याने वहीत योग्य नोंद केली तर त्याला विषय कळला असे मानावे.

या प्रयोगाचा हेतू कोणालाही कूटचलन खरेदी करण्यास प्रवृत्त करण्याचा नाही. खरेदी न करण्याचा निर्णयही समजून घेतलेला असावा, एवढाच त्याचा आग्रह आहे. त्यासाठी पाच वह्या, तीन फासे, पाच लिफाफे आणि शिक्षकाचा संयम एवढेच साहित्य लागते. वलगावसारख्या गावातील शाळेला आणि ग्रामपंचायतीला यांतील कोणतीही वस्तू दुर्लभ नाही. गावातील स्वमग्न तरुण-तरुणींची कुटुंबे कोणती, त्यांच्यापैकी भ्रमणध्वनीवर आर्थिक व्यवहार कोण करतात आणि त्यांना समजावून सांगणारे कोणी आहे काय, याची विचारपूस त्यांचा आत्मसन्मान राखून प्रथम व्हावी. पहिली वही त्यानंतरच्या आठवड्यात उघडता येईल.